समासातले टिपकागद

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र येऊन आज तेवीस दिवस झाले आणि उत्तर आत्ता लिहायला बसलेय, म्हणजे तू रागावली असशीलच. मध्ये तीनदा फोन झाले, पण जेवलीस का आणि पाय दुखतो का, एवढं विचारून मी फोन तुझ्या बाबांच्या हातात दिला. तुला वाटलं असेल, आईला पत्रातलं काही कळलंच नाही. कळलं. चारदा वाचलं. प्रबंध परत आला, बाहेरच्या परीक्षकांनी पाचव्या प्रकरणावर शेरा मारला, आणि महिनाअखेरीला तू तुझ्या मार्गदर्शक बाईंना सांगणार की हे काम सोडते आणि त्या खताच्या गोदामात कारकुनाची जागा निघाली आहे ती धरते. चार वर्षांच्या कामाला तू अडीच ओळी दिल्यास. महिना संपायला अजून सहा दिवस आहेत. टपालाचा भरवसा नाही म्हणून हे पत्र उद्याच्या सकाळच्या गाडीने बाबांबरोबर पाठवतेय. त्यांच्या पिशवीत एक वही आहे आणि एक लिफाफा आहे. त्यांनी दिल्याशिवाय मागू नकोस. आधी पत्र पूर्ण वाच.

घरचं सांगते. बाबांचा उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, चढताना नाही, त्यामुळे ते म्हणतात की वर जाऊन बसावं आणि खाली येऊच नये. मधल्या खोलीतला ओल आलेला कोपरा खरवडून घेतला. रंग अजून दिला नाही, भिंत आतून वाळल्याशिवाय रंग देणं म्हणजे पैसे भिंतीला फासणं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी शिवणयंत्र विकायला काढलंय, मला घ्या म्हणाल्या. मी म्हटलं, माझं अजून चालतंय, तुमच्यापेक्षा कमी आवाज करतं. त्या हसल्या, पण मनातून हसल्या नाहीत. खिडकीतला गुलाब जिवंत आहे. त्याचं पुढे सांगते.

गेल्या वर्षीचे ते तीन महिने मला रोज आठवतात. तू संस्थेच्या जिन्यावरून घसरलीस ती हातात बशांचा ट्रे होता म्हणून. बशा वाचवल्यास आणि पाय दोन ठिकाणी मोडून घेतलास. प्लास्टर चढलं तरी तुझ्या तोंडात एकच, गाजरं थांबणार नाहीत, शिष्यवृत्ती मार्चला संपते. मग तुझ्या मार्गदर्शक बाई स्वतः गाडीतून तो नाजूक तराजू घेऊन आल्या. आठवतं ना? आपल्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी पातळी बघायची, पाण्याच्या बुडबुड्याची नळी ठेवली, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, पंखा बंद करायला लावला आणि तुझ्या बाबांना सांगितलं की तुम्ही जरा तिकडे बसा, तुमच्या श्वासाने आकडा हलतो. त्या गेल्यावर बाबा म्हणाले, लग्नाला तीस वर्षं झाली, माझ्या श्वासाचं वजन आहे हे आज कळलं. तेव्हापासून त्या आपल्या घरात तराजूबाई झाल्या. जाताना त्यांनी दारात एक अट घातली होती. काम घरी करायला हरकत नाही, पण वजनं हिनेच करायची. तू हो म्हणालीस. मीही मान हलवली.

पहिल्या दिवशी तू करूनही पाहिलंस. पाय स्टुलावर, पाठीला दोन उशा. दुखण्याच्या गोळ्यांनी तुझा हात असा थरथरत होता की चिमट्यातली चकती दोनदा टेबलाखाली गेली. तिसऱ्यांदा मी चिमटा तुझ्या हातातून घेतला. तू कॉटवर आडवी होऊन आकडे ऐकायचीस आणि मी वाचून लिहायचे. पुढे पुढे तू ऐकणंही सोडलंस, सकाळी गोळीने झोप लागलेली असायची. मी एकटीच लिहायचे.

तू मला समजावून सांगितलंस ते मी अजून विसरले नाही. झाडाच्या अंगात अशी पाच-सहा संप्रेरकं असतात. त्यांतलं एक म्हणतं वाढ, एक म्हणतं थांब, आणि दुष्काळ पडला की एक सगळ्यांना निरोप धाडतं की आता दारं लावून घ्या. तुझं काम त्यांतल्या पहिल्याचं. मूळ पाणी पितं ते काही तोंडाने नाही. मुळाची प्रत्येक पेशी म्हणजे शिवलेली पिशवी, आतलं पाणी बाहेर ढकलतंय आणि पिशवीची शिवण त्याला धरून ठेवतेय. हे संप्रेरक येतं आणि टीप थोडी उसवतं. पिशवी सैल पडली की तेवढं पाणी आणखी आत येतं. मी म्हटलं, म्हणजे औषध पाणी आणत नाही, फक्त जागा करतं. तू उठून बसायला लागलीस, प्लास्टरसकट. म्हणालीस, आई, आमच्या वर्गात हे एका वाक्यात कुणाला सांगता आलं नव्हतं. ते मी मनात जपून ठेवलंय, खोटं कशाला बोलू.

तुला वाटलं असेल मी तुझ्यासाठी खपले. तसं नाही. ते साडेअकरा आठवडे मला नोकरी होती. मॅट्रिकनंतर मी जे जे मोजलं ते धान्य, दूध, कपड्यांच्या घड्या आणि जप. इथे मात्र दर सकाळी आठ वाजता, देवापुढचा दिवा लावून झाला की, सहा बशा माझी वाट बघत असायच्या. तीन साध्या पाण्याच्या, तीन लाल चिठ्ठीच्या बाटलीतल्या, म्हणजे औषधाच्या. दर बशीत दहा चकत्या, पोकळ नळीने गाजरातून कांडी काढून दोन पात्यांच्या सुरीने कापलेल्या, एक दिवस पाण्यात धुऊन निघालेल्या. चिमट्याने बाहेर, टिपकागदावर, वर दुसरा टिपकागद, हलका दाब, तराजू, आकडा, परत बशीत. पहिला दिवस, दुसरा, तिसरा, चौथा. मग नवी गाजरं, नवी फेरी. बाबा चप्पल हातात घेऊन घरात शिरायचे. शेजाऱ्यांना सांगायचे, आमच्याकडे गाजरं अतिदक्षता विभागात आहेत. एकदा तर म्हणाले, माझं वजन इतकी वर्षं वाढतंय, ते कधी वहीत लिहिलंस का?

तू सूचना लिहून भिंतीवर चिकटवल्या होत्यास. एकूण नऊ. आठ मी अक्षरशः पाळल्या. चिमटा दर बशीनंतर उकळत्या पाण्यात बुडवला. बशा धुतल्या त्या तू सांगितलेल्या शुद्ध पाण्याने. गाजरं एकाच माणसाकडून घेतली, तो मला बघितलं की ओरडायचा, आल्या, मापाच्या बाई आल्या. उन्हाच्या खिडकीवर जाड कापड लावलं. चौथी सूचना होती, प्रत्येक वेळी नवा टिपकागद.

इथपर्यंत हात सरळ चालत होता, आता जड झाला. पण लिहिते.

एका फेरीला अठ्ठेचाळीस टिपकागद लागत होते. पांढरेशुभ्र, गोल, हाताला मऊ. एकदा चकती टेकवली, चमचाभर पाणी टिपलं, की टाकून द्यायचे. ठमे, तुला माहीत आहे मी लिफाफे उलटे करून वापरते. मुंजीच्या, लग्नाच्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर किराणा लिहिते. कागद ओला झाला म्हणजे घाण झाला असं माझ्या डोक्यात बसेना. दोन फेऱ्या मी काळजावर दगड ठेवून टाकले. तिसऱ्या फेरीला टाकलेले गोळा केले, मागच्या दोरीवर चिमटे लावून वाळवले आणि कडक झाले ते वरवंट्याखाली ठेवून सरळ केले. नव्यासारखे दिसत होते. साध्याचे कोणते आणि लाल चिठ्ठीचे कोणते, हे वेगळं ठेवायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण चिठ्ठी लाल होती पण आतलं पाणी पाण्यासारखंच होतं. रंग असता तर कागदावर दिसला असता आणि मी थांबले असते. तेच कागद मी बाराव्या फेरीपर्यंत वापरले. तू मध्ये एकदा विचारलंस, आई, कागद पुरतायत ना? मी म्हटलं, पुरतायत. ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. शेवटी तराजू परत नेताना संस्थेच्या माणसाच्या हातात मी पाच पुड्या सील न फोडता ठेवल्या. तो म्हणाला, काकू, असं कुणी परत करत नाही. दोन दिवस मला त्याचं वाक्य गोड लागलं.

आता तुझ्या पत्राकडे येते. परीक्षकांनी लिहिलं की साध्या पाण्यातल्या चकत्या इतक्या फुगायला नकोत, जगात कुणाच्या फुगल्या नाहीत, तेव्हा एकतर पाणी स्वच्छ नव्हतं किंवा हात स्वच्छ नव्हता. सरासरी काढली तर साधं आणि औषधाचं यात फरकच उरत नाही, म्हणजे या संप्रेरकाने गाजराच्या मुळात पाणी वाढतं हे या कामातून सिद्ध होत नाही. तू त्याखाली लिहिलंस की कदाचित खरंच वाढत नसेल, मीच चार वर्षं नसलेल्या गोष्टीमागे धावले. आणि मग तुझं ते वाक्य. बाईंनी विचारलं, वजनं कुणी केली? मी म्हटलं, मीच.

हे वाचलं तेव्हा मी भाजी निवडत होते. तशीच ठेवून उठले आणि देवापुढे जाऊन बसले. जपात मन लागेना. शेवटी उघडच म्हटलं, देवा, पाण्याची चूक निघू दे. औषधवाल्याने बाटल्या बदलून दिल्या असं निघू दे. आमच्या हाताचं काही नको. असं मागून झाल्यावर माझी मलाच लाज वाटली. त्याला काय वजनं करायला ठेवलंय? उठले आणि माळ्यावरून वही काढली. तू स्वच्छ प्रत करून नेलीस, पण मूळ हिरवी वही माझ्याकडेच होती हे तू विसरलीस. प्रत करताना तू आकडे घेतलेस. समास घेतला नाहीस.

मला समासात लिहायची खोड आहे. दूधवाला उशिरा आला तर तेसुद्धा मी वजनाच्या आकड्याशेजारी लिहिलंय. बाबा शिंकले, तेही आहे. आणि दर फेरीच्या डोक्यावर सामान लिहिलंय, गाजरं किती, पाण्याच्या बाटल्या किती, टिपकागद किती. पहिली फेरी, टिपकागद नवे अठ्ठेचाळीस. साध्या पाण्यातल्या चकत्या चौथ्या दिवशी शंभराला नऊने वाढल्या, औषधातल्या एकवीसने. दुसरी फेरी, नवे अठ्ठेचाळीस. साध्या नऊ, औषधाच्या वीस. तिसरी फेरी, आणि माझ्याच अक्षरात, टिपकागद जुने, वाळवून. साध्या तेरा. चौथी, जुने. साध्या पंधरा. सातवी, साध्या अठरा. दहावी, एकोणीस. औषधाच्या प्रत्येक वेळी वीस-एकवीसच. मी बोट ठेवून खाली खाली आले. लाल बाटलीचं जे काही कागदात वाळून बसत होतं ते रोज साध्या चकत्यांना लागत होतं. तूच म्हणाली होतीस की हे औषध बादलीत साखरेचा एक दाणा टाकावा इतकं पुरतं. मी तर दहा फेऱ्यांत दाण्यावर दाणा वाळवून ठेवला होता.

तेव्हाच तुला फोन करायला हवा होता. केला नाही. कारण वाटणं आणि ठरणं यांत फरक आहे, हेही तूच शिकवलंस. आणि दुसरं कारण म्हणजे धीर होत नव्हता.

मग मी पुन्हा केलं. फ्रिजच्या दारात मागे तुझी लाल चिठ्ठीची बाटली अर्धी होती, काळ्या कागदात गुंडाळलेली, मुदत या वर्षाअखेरची. सुरी आणि नळी होतीच. नव्या टिपकागदांच्या दोन पुड्या मी त्याच दुकानातून आणवल्या आणि या वेळी काटकसर मनात आली नाही. अडचण एकच, तराजू. स्वयंपाकघरातला काटा गाजराच्या चकतीला विचारतच नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या सोनारांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, काकू, गाजराचा हार घडवायचाय का? मी म्हटलं, घडणावळ लावू नका म्हणजे झालं. ते म्हणाले, घडणावळ नाही, पण तूट धरीन. धरली नाही. रोज सकाळी दहाला दुकान उघडलं की मी ट्रे घेऊन हजर. त्यांच्या काचेवर कागद पसरायचा, चकत्या टिपायच्या, वजन करायचं. एकदा एक गिऱ्हाईक बाई वैतागून म्हणाल्या, आम्ही सोनं घेऊन उभ्या आणि यांची गाजरं आधी. सोनार म्हणाले, बाई, तुमचं सोनं उद्याही एवढंच भरेल, यांचा माल तासातासाला वाढतो.

मी तीन तऱ्हा केल्या. साधं पाणी आणि नवा कागद. औषध आणि नवा कागद. आणि तिसरी तऱ्हा मुद्दाम, साधं पाणी, पण कागद लाल बाटलीच्या चकत्या टिपून वाळवलेला. तिसऱ्या तऱ्हेचा चिमटा वेगळा ठेवला, त्याला बाबांच्या जुन्या बुटाची नाडी बांधली म्हणजे चुकणार नाही. प्रत्येक तऱ्हेच्या तीन बशा. चार दिवसांची फेरी, अशा चार फेऱ्या केल्या. बाबा ट्रेचं एक टोक धरून रोज कोपऱ्यापर्यंत आले, गुडघ्यासकट. त्यांना कळलं होतं की मी कशाचा शोध घेतेय ते.

आकडे असे आले. साधं आणि नवा कागद, शंभराला नऊ, नऊ, दहा, नऊ. औषध आणि नवा कागद, एकवीस, वीस, एकवीस, एकवीस. साधं आणि वापरलेला कागद, पहिल्या फेरीला बारा. तेच कागद पुन्हा पुन्हा टिपत आणि वाळवत गेले तसे पुढे चौदा, पंधरा, सतरा.

म्हणजे तू नसलेल्या गोष्टीमागे धावली नाहीस, ठमे. गाजराचं मूळ ते संप्रेरक मिळालं की दुपटीहून जास्त पाणी घेतं. माझ्या पहिल्या दोन फेऱ्यांतही घेत होतं, आताच्या चारही फेऱ्यांत घेतलं. परीक्षकांचंही बरोबर, हात स्वच्छ नव्हता. फक्त तो हात तुझा नव्हता.

गुलाबाचं सांगायचं राहिलं. भिंतीवर नव्हतं, पण तू तोंडी म्हणाली होतीस की लाल बाटलीतलं उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, एका डब्यात साठव, मी संस्थेत नेऊन टाकेन. मला डबा भरून ठेवणंही जिवावर आलं. इतकं भारी औषध, वाढीचं, म्हणून मी ते साडेअकरा आठवडे गुलाबाच्या कुंडीत ओतलं. वाटलं, झाड तरारेल. गेल्या आठवड्यात कुंडी बदलायला घेतली तर मुळं बोटभरसुद्धा खाली गेली नव्हती. आखूड, जाड, भांडी घासायच्या ब्रशासारखी गच्च. कुंडीच्या तळाची माती तशीच कोरडी. झाड पाण्यात बसून तहानलेलं होतं. तुझ्या दुसऱ्या प्रकरणात हे लिहिलंय, थोडं दिलं तर मूळ पितं, फार दिलं तर मूळ वाढायचंच थांबतं. मी ते प्रकरण आता वाचलं, शब्दकोश घेऊन, नऊ दिवस लागले. गुलाबाची मुळं निम्मी छाटली आणि साध्या मातीत लावला. आता फक्त पाणी देते, तेही मोजून. दोन नवी पानं आली आहेत.

तू बाईंना मीच म्हणालीस ते माझ्यासाठी, हे मला कळतं. आईचं नाव निघालं असतं, मॅट्रिक झालेल्या बाईने स्वयंपाकघरात विज्ञान केलं म्हणून लोक हसले असते, असं तुला वाटलं. मीच तर तुला बजावलं होतं की माझं नाव कुठे घालू नकोस. तेव्हा ते मला नम्रपणाचं वाटलं होतं. आज वाटतं, नाव नको म्हणणं सोपं असतं, कारण मग चूकही आपल्या नावावर पडत नाही. बाईंची अट आपण दोघींनी मोडली. तू गप्प राहून आणि मी चिमटा हातात घेऊन. हे बाहेर आलं तर त्या काय करतील, मला माहीत नाही. प्रबंध पुन्हा लिहायला लावतील, वर्ष जाईल, कदाचित पदवीही देणार नाहीत. ते त्यांच्या हातात आहे. मी देवाकडे त्याबद्दल काही मागितलेलं नाही. एवढंच म्हटलं की महिनाअखेरीच्या आत पोहोचू दे.

आता हे पत्र का, ते सांगते. फोनवर हे सगळं दहा मिनिटांत सांगून झालं असतं. पण फोनवर ऐकलेलं तू पोटात ठेवलं असतंस, जाऊ दे गं आई, असं म्हणाली असतीस आणि गोदामात जाऊन बसली असतीस. मी तुला ओळखून आहे. आणि फोनला सही नसते. तेव्हा वरून हे पत्र तुला लिहिलेलं दिसत असलं तरी ते तुझ्या बाईंनी वाचायचं आहे. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मी सही केली आहे आणि तारीख घातली आहे. बाबांच्या पिशवीतली हिरवी वही समासासकट त्यांच्यापुढे ठेव. लिफाफ्यात सोनारांच्या वजनाच्या एकशे चव्वेचाळीस चिठ्ठ्या आहेत, प्रत्येकीवर त्यांचा शिक्का आहे. सोमवारी बाबा तुझ्याबरोबर येतील आणि बाहेरच्या बाकावर बसतील, त्यांना आत बोलावलं तर श्वास हळू घ्यायला सांग. वर मी बाईंना तराजूबाई लिहिलंय, ते आत्ता परत वाचताना ध्यानात आलं. खोडणार होते. पण खोडाखोड असलेला कागद कुणी खरा धरत नाही, म्हणून राहू दिलं. त्यांना राग आला तर तोही माझ्या नावावर लिही.

तुझीच,
आई
(बाराही फेऱ्यांची वजनं करणारी)